बोटांच्या ठशांचं खापर: हाताचं की चाकाचं? (गोमाईकाठ, शहादा)

गोमाईकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी शहादा तालुक्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. पुरातत्त्वातलं मला काही कळत नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

आमचं शेत गोमाईच्या काठावर आहे, प्रकाशे तिथून फार लांब नाही. शेताच्या टोकाला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, एक टेकाड होतं. होतं म्हणते, कारण माझ्या लहानपणापासून लोक तिथली माती गाडीनं नेऊन आपापल्या शेतात टाकत आले, आणि मागच्या वर्षी शेजारच्यांनी पपई लावायची म्हणून जेसीबी फिरवून उरलंसुरलं सपाट केलं. भांडून उपयोग नव्हता, जमीन त्यांची. यंदा पावसाळा सरल्यावर बांधावर खापरंच खापरं वर आली. त्यातलं एक मी घरी आणलं. (आणायला नको होतं का? तेही सांगा.)

तळहाताएवढा तुकडा आहे, जाडी माझ्या अंगठ्याएवढी. बाहेरून करडा, मधेच तांबूस झाक. जिथे फुटलाय तिथे पाहिलं तर दोन्ही बाजूंना तांबूस आणि मधोमध कोळशासारखा काळा थर, करंजीतल्या सारणासारखा. बाहेरच्या अंगाला मातीचीच एक उभारलेली पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर ओळीनं बोटाचे खळगे. दोन खळग्यांत नखाची चंद्रकोरसुद्धा स्पष्ट दिसते. माझं बोट त्या खळग्यात मावत नाही. सातवीतल्या एका मुलीचं मात्र बरोबर बसलं, आणि ती लगेच म्हणाली, "बाई, हे लहान पोरीनं केलंय." वर्ग एकदम गप्प झाला.

तर विचारायचं ते असं. हे हातानं घडवलंय की चाकावर, हे कशावरून ओळखायचं? हाताचं असेल तर जास्त जुनं समजायचं का? आणि सगळ्यात जास्त हे छळतंय की एवढ्या जाड, खरबरीत, धान्याबिन्याच्या भांड्याला नक्षी कशाला केली असेल? पाहणार कोण होतं? त्याच बांधावर एक पातळ, लाल, काळ्या रेघांचा तुकडाही मिळाला. तो सुंदर आहे, पण त्याचं मला कोडं पडत नाही. या गबाळ्याचं पडतं.

फोटो जोडले आहेत, शेजारी पट्टी ठेवून.

आखाजीचा_पाहुणा

हाताचं दिसतंय. म्हणजे चाक यायच्या आधीचं. निदान पाचेक हजार वर्षं धरा.

चाकवाला_अमळनेर

मॅडम, राम राम. मी अमळनेरचा, जातीनं आणि हातानं कुंभार. गुडघे गेले म्हणून चाक सुटलं, त्याला अकरा वर्षं झाली. आता पोरगा बाहेरून आणलेल्या कुंड्या विकतो. इतिहासाचं शिकलेले लोक सांगतील. मी मातीचं सांगतो.

तुकडा हाताचा आहे. आतल्या बाजूचा फोटो टाकलात म्हणून सांगता आलं. चाकावर बोट एका जागी असतं आणि माती फिरते, म्हणून भांड्याच्या आत एकाखाली एक आडव्या बारीक रेघा उठतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. तुमच्या तुकड्यात त्या नाहीत. तिथे भाकरी थापताना पडतात तसे पसरट दाब आहेत, एक इकडे, एक तिकडे. जाडी पण पाहा, एका कडेला अंगठ्याएवढी तर दुसऱ्या कडेला करंगळीएवढी. आणि वरची कड सुरीनं कापल्यागत सरळ आडवी फुटलीय. मातीच्या वळ्या करून, एकीवर एक वेटोळी चढवून भांडं उभं केलं की ते पुढे फुटतं ते वळीच्या सांध्यावरच. त्या कडेवर बोट फिरवून बघा, खोबणीसारखं लागेल. त्या जागी वरची वळी बसलेली होती.

पण एक सांगून ठेवतो, रेघा नाहीत म्हणजे चाक नाही असं दरवेळी धरू नका. आमचं नेहमीचं मडकंसुद्धा पुरतं चाकाचं नसतं. चाकावर गळा आणि खांदा निघतो, खालचं अंग जाड आणि आखूड राहतं. ते सावलीत ठेवायचं, मातीनं जरा अंग धरलं की आतून दगडी गोटा लावायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत बूड वाढवायचं. चिकटू नये म्हणून राख भुरभुरायची. ठोकता ठोकता चाकाच्या रेघा पुसून जातात. माझा बाप म्हणायचा, "गळा चाकना, बूड हातनं." मांडे, म्हणजे आमच्या मोठ्या पुरणपोळ्या, भाजायचं खापर तर ठोकण्यावरच उभं असतं. मांडा पडतो उपड्या खापराच्या पाठीवर, ती पाठ सगळीकडे सारखी नसली तर मांडा एकीकडे करपतो, दुसरीकडे कच्चा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी महिनाभर आमच्या दारात ठकठक ठकठक चालायची, शेजारी शिव्या द्यायचे.

आता तुमच्या पट्टीचं. मोठा रांजण एका दिवसात उभा राहत नाही. ओली माती स्वतःच्या वजनानं बसते, पोट सुटतं आणि सगळं खाली येतं. म्हणून कमरेपर्यंत चढवायचा, थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढच्या वळ्या. कालची माती अर्धी सुकलेली, आजची ओली. दोघींचं सुकणं वेगळं, म्हणून सांधा तिथे हमखास तडकतो. त्या सांध्यावर बाहेरून मातीची पट्टी बसवली आणि बोटानं ठिकठिकाणी दाबली की ती पकडते. नुसती हात फिरवून गुळगुळीत केलेली पट्टी सुकताना सालपटासारखी निघून येते. दाबलेली येत नाही. मी स्वतः पाण्याच्या मोठ्या टाक्यांना हेच केलंय आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय छान नक्षी काढली दादा. मी गप बसायचो. नक्षीचे पाच रुपये जास्त मिळायचे.

आणि त्या पोरीला सांगा, बोट लहान होतं असं लगेच ठरवू नको. माती सुकते तेव्हा आकसते, भाजल्यावर आणखी आकसते. बारा बोटांचं ओलं काम भाजून निघेतो अकराच्या आत येतं. ठसाही भांड्याबरोबर लहान होतो. एखाद्या बाईचं बोट असेल. आमच्यात बायका चाकाला हात लावत नाहीत, पण चुली, शेगड्या, खेळणी, हातानं होणारं सगळं काम त्यांचंच. चार हजार वर्षांपूर्वी काय होतं ते मला काय ठाऊक, पण मी पाहिलं ते असं.

थर_आणि_तुकडा

काका, तुमचं उत्तर वाचून मला माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांची फी परत मागाविशी वाटली.

ताई, मी पुरातत्त्व शिकलोय. दोन हंगाम उत्खननावर खापरं धुण्यात, आकडे घालण्यात गेले. मूळचा चाळीसगावचा. आधी वरचा एक गैरसमज काढतो: हाताचं म्हणजे चाकाच्या आधीचं, हे आपल्या भागात चालत नाही. तुम्ही म्हणता तो पातळ, लाल, काळ्या रेघांचा तुकडा जोर्वे पद्धतीचा असण्याची शक्यता बरीच आहे (फोटोत कड दिसत नाही, म्हणून ठामपणे म्हणत नाही). जोर्वे हे संगमनेरजवळचं प्रवरेकाठचं गाव, १९५०-५१ मध्ये तिथे खोदलं आणि त्या भांड्यांना गावाचं नाव मिळालं. ती भांडी चाकावरची, नीट भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी. लांब तोटीचे चंबू, कंबरेत मोड असलेले वाडगे, आणि खांद्यावर काळ्या रंगात तिरक्या रेघा, चौकटी, जाळी. साधारण इ.स.पू. १४०० ते १००० हा त्यांचा भराचा काळ, पुढे घसरण. पण ज्या घरात तो तोटीचा चंबू असायचा त्याच घरात धान्याचा रांजण हाताचा, करडा, खरबरीत असायचा. दोन्ही एकाच चुलीजवळ. आपल्याकडे स्टीलचा डबा आणि शेणानं सारवलेली कणगी एका खोलीत असायची ना, तसंच. म्हणून दोन तुकडे एकाच बांधावर मिळाले यात नवल नाही. आणि नुसत्या हाताच्या कामावरून वय सांगता येत नाही. वय सांगतो तो तुकडा ज्यात गाडलेला होता तो मातीचा थर, आणि तुमचा थर जेसीबीनं नेला.

खान्देशात हे नीट खोदून पाहिलेलं आहे. प्रकाशे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी खोदलं, गोमाई आणि तापीच्या संगमावरचं टेकाड. गिरणाकाठचं बहाळ म. न. देशपांडे यांनी, त्याच दशकात. दोघेही पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले, म्हणजे सुरुवातीच्या काळात त्यांनी आपल्याच नद्यांची धूळ खाल्लेली. बहाळच्या सर्वांत खालच्या वस्तीत जाड करडी भांडी मिळाली, त्यांतल्या काहींवर तुमच्यासारख्या चिकटवलेल्या पट्ट्या आणि कोरीव रेघा आहेत. ही करडी भांडी दक्षिणेकडे, कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन (म्हणजे घासलेल्या दगडी हत्यारांच्या काळातल्या) भांड्यांशी नातं सांगतात. आणि तुमच्याच तालुक्यातलं सावळदा! त्या गावावरून एका अख्ख्या भांडे-परंपरेला नाव आहे, जोर्वेच्याही आधीची. तिची माणसं भांड्यांवर बाणांची टोकं, मासे धरायचे गळ असली हत्यारं रंगवत. फुलं-पानं सोडून गळ! तापीकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता काकांशी थोडं भांडतो. पट्टी सांध्याला बळकटी देते, मान्य. पण सगळ्या पट्ट्या सांध्यावर नसतात. काही गळ्याखाली असतात, जिथे जोड नाही. काही नागमोडी जातात, आणि सांधा काही नागमोडी नसतो. काहींवर बोटाच्या दाबाऐवजी तिरक्या खाचा असतात, हुबेहूब पीळ घातलेल्या दोरासारख्या. मोठी भांडी सुकताना पोटाला दोर आवळून ठेवत, हडप्पाच्या मोठ्या रांजणांवर त्या दोरांचे वळ राहिलेले दिसतात. मग मला असं वाटतं की आधी खरा दोर होता, नंतर दोराची गरज सरली तरी डोळ्याला तिथे दोर हवासा वाटला, आणि कुणीतरी तो मातीचा केला. काकांची "डागडुजी" सुरुवात सांगते. पुढचं सांगत नाही.

याला दुसरीकडचे दाखले आहेत. जपानमध्ये एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १८७७ मध्ये ओमोरी इथे शिंपल्यांचा ढीग खोदला, त्यात दोरीच्या ठशांची भांडी निघाली. त्यावरूनच त्या सगळ्या काळाला "जोमोन" म्हणतात, अर्थ दोरीची खूण. हजारो वर्षं तिथे चाक नव्हतं, वळ्या चढवून भांडी केली आणि ओल्या अंगावरून पिळाची दोरी फिरवली. मधल्या काळात तर काठ असे उसळत गेले की भांड्याला आगीच्या ज्वाळा फुटल्यासारखं वाटतं. त्यात शिजवायला किती गैरसोय होत असेल! तिथे डागडुजीचं कारण चालत नाही, तो निव्वळ हौसेचा मामला. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या बेलन नदीच्या खोऱ्यात, कोलडिहवा आणि महागरा इथेही दोरीच्या ठशांची हाताची भांडी आहेत. उलट काश्मीरच्या बुर्झहोमला कित्येक भांड्यांच्या बुडावर चटईची वीण उमटलेली आहे, ती मात्र नक्षी नव्हे. चटईवर ठेवून भांडं घडवलं, ठसा आपसूक पडला. म्हणून ठसा दिसला की आधी विचारायचं: हा डोळ्यासमोर येणारा भाग आहे की बुडाखालचा?

यावरून तुमच्या "पाहणार कोण" या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळतं. रांजण अर्धा जमिनीत पुरलेला असेल तर वर दिसतो तो खांदा. नक्षी बहुतेक वेळा तिथेच असते, रंगाची असो की बोटाची. घरात रोज वाकून धान्य काढणारी बाई ती पाहणार. आणखी कोण हवं?

काळ्या सारणाचं कारण साधं आहे. मातीत भुसा, शेण, लीद मिसळलेली, आणि भाजणं उघड्यावर, थोड्या वेळाचं. बाहेरून हवा लागली, लोह तांबडं झालं. आत हवा पोचायच्या आत आग संपली, कोळसा तसाच राहिला.

इनामगावचं एक सांगून थांबतो, कारण हातानं घडवलेल्या भांड्याचा त्याहून मोठा मान मला माहीत नाही. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८पासून बरीच वर्षं खोदलं. तिथे लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली आहेत, दोन करड्या, हाताच्या रांजणांची तोंडं एकमेकांना लावून, मुलाला आत ठेवून. रंगवलेली चांगली भांडी शेजारी ठेवली, पण लेकरू ठेवलं ते गबाळ्या रांजणात. एका मोठ्या माणसाला तर चार पायांच्या, पोट सुटलेल्या मातीच्या रांजणात बसवलेलं होतं.

तुकडा घरी आणलात ते झालं. आता निदान आणखी वेचू नका. उकरू तर मुळीच नका. जिथे मिळाला ती जागा मोबाइलवर नोंदवून ठेवा, तारीख लिहा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाला फोटोंसह कळवा. जवळ विचारायचं असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जा, संग्रहालयही पाहून होईल. आणि तुम्ही चित्रकलेच्या आहात तर खापराचं चित्र आमच्या पद्धतीनं काढून पाहा: मधोमध उभी रेघ, एका बाजूला भिंतीचा कापलेला छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. काठाचा तुकडा असेल तर कागदावर एकात एक वर्तुळं काढून त्यांवर तो बसवायचा, ज्या वर्तुळाशी जुळेल तेवढं भांड्याचं तोंड. मुलांना हे फार आवडतं. मला अजून आवडतं.

आखाजीचा_पाहुणा

पाच हजार मागे घेतो. पण मग मडक्या-घागरींचं बूड गोल का, हे कुणी सांगितलंच नाही. सपाट केलं असतं तर कलंडलं नसतं.

चाकवाला_अमळनेर

भाऊ, तुमच्या घरी फरशी आहे म्हणून असं वाटतं. चुलीच्या तीन दगडांवर सपाट बूड डुगडुगतं, गोल बूड खोल बसतं. मातीच्या जमिनीत खळगा केला की झालं. डोक्यावर चुंबळ असते, तीही गोलच. आणि कोपरा आला की आग तिथे तडा पाडते, गोल बुडाला धग सगळीकडे सारखी फिरते. आखाजीला घागर भरता तेव्हा तिच्याखाली गव्हाची नाहीतर मातीची बैठक करता ना? घागर सपाट असती तर ती कशाला केली असती.

शिकलेल्या भाऊंनी भांडण काढलं ते बरोबर आहे. नागमोडी सांधा मी पण कधी पाहिला नाही. माझ्या आईनं शेगडीच्या कडेला चिमटीनं कळ्या काढल्या होत्या, त्याचं काही कारण नव्हतं. बापानं विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "हात थांबत नही."

गोमाईकाठची_बाई

सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. शेजारच्यांशीही बोलले. टेकाडाचा एक कोपरा अजून शिल्लक आहे, तिथे यंदा यंत्र लावणार नाही म्हणाले. पुढच्या वर्षाचं काही सांगत नाहीत.

आम्ही वर्गात करून पाहिलं. नदीची माती आणली, वळ्या केल्या, वेटोळी चढवली. बत्तीस मुलांची बत्तीस भांडी. सोमवारी आले तर एकोणीस तडकलेली. ज्यांनी पट्टी लावून बोटानं दाबली होती त्यांपैकी दोनच तडकली, ज्यांनी नुसती हात फिरवून चिकटवली त्यांच्या पट्ट्या काकांनी सांगितल्याप्रमाणे सालपटासारख्या निघाल्या. पण चार मुलांनी पट्टी सांधा सोडून भलतीकडेच लावली. विचारलं का, तर "तिथं चांगली दिसती." म्हणजे दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला!

एका मुलानं सुतळी काडीला गुंडाळून ओल्या अंगावरून फिरवली आणि सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. त्याला मी जपानचं काही सांगितलेलं नव्हतं.

सातवीतल्या त्या मुलीनं आपल्या ओल्या पट्टीवरचा ठसा सुकल्यावर मोजला. आता तिचंच बोट तिच्याच ठशात बसत नाही. रुसली आहे.

उरलेली तेरा भाजायची कशी? शाळेत भट्टी नाही.

चाकवाला_अमळनेर

नुसत्या नदीच्या मातीचं तडकणारच मॅडम, ती फार चिकट. पुढच्या वेळी चार घमेली मातीला एक घमेलं बारीक वाळू आणि लीद घाला. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला आमची माणसं पोती घेऊन जायची, लोक घोडे बघायचे आणि आम्ही घोड्याच्या मागचं. आणि सुकवा सावलीत, ओलं फडकं टाकून, उन्हात नको.

तेरांसाठी आवा असा लावा. उघडी जागा, वारा पडलेला. खाली गोवऱ्यांचा थर, त्यावर भांडी उपडी, मधे मधे गोवऱ्या, वरून पाचट, आणि सगळ्यावर फुटकी खापरं झाकण म्हणून. तुमच्या बांधावरची नव्हे! कुंभाराकडून मागून आणा. आधी तासभर लांबून नुसती धग द्या. आत ओल राहिली आणि आग एकदम लागली की पाण्याची वाफ होते आणि भांडं फटाक्यासारखं उडतं, पोरांना जवळ उभं करू नका. मग पेटवा आणि हात लावू नका. रात्रभर तसंच. सकाळी राख गरम असतानाच उघडायची घाई पोरं करतील, तुम्ही करू नका.

तेरातली सात निघाली तरी चांगलं समजा. पहिल्या आव्यात माझं एकच निघालं होतं, तेही काळं.

गोमाईकाठची_बाई

गोवऱ्या मिळाल्या. पाचट एका पालकांकडून येतंय. रविवारी लावतोय, वारा पडला तर.